शाळेच्या नावावर सोडलेले माहीम

पालघर तालुक्यातील माहीम, केळवे, शिरगाव, सातपाटी या किनारपट्टीच्या गावांत गेल्या दोन-तीन दशकांत एक मत इतके रुजले आहे की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. मूल पाचवीला किंवा आठवीला आले की त्याच्या शिक्षणासाठी कुटुंबाने विरार, नालासोपारा किंवा जमल्यास बोरिवली गाठावी, आणि तेवढी ऐपत नसेल तर निदान पालघरला अथवा बोईसरला फ्लॅट घ्यावा, असे ते मत आहे. हे सांगणाऱ्यांना मुलांच्या भल्याचीच काळजी असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या गृहीतकांवर हे मत उभे आहे ती एकेक करून तपासली तर त्यांतील बहुतेक टिकत नाहीत. शाळकरी मुलांना घेऊन माहीम सोडण्यास ‘शिक्षण’ हे कारण पुरेसे नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. उपजीविकेसाठी गाव सोडावे लागणे ही वेगळी गोष्ट असून तिचा मान राखलाच पाहिजे. मात्र त्या प्रसंगीही नवे शहर निवडताना आज जे निकष लावले जातात ते मुलाच्या बाजूने पाहता जवळजवळ उलटे आहेत.

पहिले गृहीतक असे की शहर हे केंद्र आणि गाव ही कड, आणि मुलाला केंद्राजवळ नेणे हे पालकाचे कर्तव्य. माहीमचा इतिहासच या गृहीतकाला उत्तर देतो. पोर्तुगीज अमलात येथे किल्ला होता. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली, आणि त्यानंतरच मे महिन्यात वसई पडली. ब्रिटिश काळात आजच्या पालघर तालुक्याचे नावच माहीम तालुका होते, आणि ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद याच नावाने आहे. पुढे आगगाडीचा मार्ग किनाऱ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत, पालघरवरून गेल्यामुळे कचेऱ्या तिकडे सरकल्या आणि तालुक्याचे नावही बदलले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला, तेव्हा ‘जिल्ह्याच्या ठिकाणी राहिले पाहिजे’ म्हणून ज्यांनी पूर्वी गाव सोडले होते त्यांच्या मूळ घरापासून जिल्ह्याचे ठिकाण एका एसटीच्या अंतरावर आले. केंद्र एका पिढीत हलते. मुलाचे शालेय आयुष्य मात्र जेमतेम दहा-बारा वर्षांचे असते. म्हणून केंद्राच्या मागे धावणारे कुटुंब बहुधा उशिराच पोहोचते.

याच विचाराची दुसरी बाजू बोईसर आणि पालघर येथील घरांच्या जाहिरातींत दिसते. बुलेट ट्रेनचे स्थानक, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, वाढवण बंदर ही नावे सांगून ‘मुलांच्या भविष्यासाठी’ घर घेण्याचा आग्रह धरला जातो. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. जे मूल त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत बसले ते २०२५ च्या जूनमध्ये नववीत गेले, आणि तोवर बोईसरच्या नियोजित स्थानकातून एकही गाडी सुटली नव्हती. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली असून किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध त्याहून कितीतरी जुना आहे. हे प्रकल्प व्हावेत की न व्हावेत हा येथे प्रश्न नाही. प्रश्न इतकाच की ज्यांचे वेळापत्रक दशकांत मोजावे लागते अशा प्रकल्पांवर चौथीतल्या मुलाची शाळा बेतता येत नाही.

दुसरे आणि सर्वांत प्रबळ गृहीतक शाळेच्या दर्जाचे आहे. गावची मराठी शाळा मागासलेली, शहरातील इंग्रजी शाळा पुढारलेली, अशी विभागणी करून सारा युक्तिवाद रचला जातो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. ‘सेमी-इंग्रजी’ म्हणजे इतर विषय मराठीतून आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची पद्धत, आणि ती आता ग्रामीण माध्यमिक शाळांतही परिचित झाली आहे. तेव्हा गावच्या शाळेत इंग्रजीच नाही, हे म्हणणे जुने झाले. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की शाळा बदलल्याने आणि माध्यम बदलल्याने मुलाचे शिकणे खरोखर वाढते काय. याविषयी भारतात झालेला एक काळजीपूर्वक अभ्यास उपयोगी पडतो. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशातील खेड्यांत खाजगी शाळेचे शुल्क भरण्यासाठीची व्हाउचरे, म्हणजे शुल्कपत्रे, सोडतीने वाटली आणि नाव लागलेली व न लागलेली मुले यांची तुलना चार वर्षे केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतील मुले पुढे गेली. खाजगी शाळांनी हे काम सरकारी शाळांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात केले हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण घर विकून किंवा कर्ज काढून शाळा बदलणाऱ्या पालकासाठी महत्त्वाची गोष्ट ही की मुख्य विषयांत अपेक्षित झेप दिसली नाही, आणि ज्यांनी तेलुगू माध्यम सोडून इंग्रजी माध्यम धरले त्यांच्या बाबतीत इंग्रजीखेरीज अन्य विषयांत मागे पडल्याची चिन्हे आढळली.

माध्यम मध्येच बदलणे हा स्थलांतराचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पाचवीपर्यंत मराठीत अपूर्णांक शिकलेले मूल सहावीत त्याच अपूर्णांकांपुढे नव्या भाषेत उभे राहते तेव्हा त्याला गणित येत नाही असे शाळा ठरवते, पालक शिकवणी लावतात, आणि काही महिन्यांत मूल स्वतःच ते मान्य करून टाकते. माहीममध्ये वर्गात पुढे बसणारी कित्येक मुले शहरात मागच्या बाकावर जाऊन बसतात ती बुद्धी कमी झाली म्हणून नव्हे. त्यांच्याकडून एकाच वर्षात नवी भाषा, नवे सवंगडी आणि नवा अभ्यासक्रम या तिन्हींची अपेक्षा केली जाते आणि त्या ओझ्याची नोंद प्रगतिपुस्तकात कोठेही होत नाही. शाळेचे मंडळ बदलले, म्हणजे राज्य मंडळाकडून केंद्रीय मंडळाकडे मूल गेले, तर या ओझ्यात आणखी भर पडते.

दर्जाविषयी बोलताना माहीमच्या संदर्भात एक गोष्ट तर फारच क्वचित लक्षात घेतली जाते. जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय माहीम येथेच आहे. नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालय समितीने चालवलेली निवासी शाळा. तिच्यात सहावीला निवड परीक्षेने जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात आणि राहण्या-जेवण्याची सोय शाळाच करते. या जागांपैकी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि ग्रामीण ठरण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मुलाने ग्रामीण भागातील शाळेतच काढलेली असावी लागतात. त्या काळात नागरी क्षेत्रातील शाळेत एक दिवस जरी पट लागला तरी ते मूल नागरी गणले जाते. शिवाय पाचवीचे वर्ष त्याच जिल्ह्यात झालेले असावे लागते. आता जे कुटुंब चौथीतील मुलाला ‘चांगल्या शाळेसाठी’ विरारला नेते ते महापालिकेच्या हद्दीत जाऊन ग्रामीण जागांवरचा हक्क गमावते. पालघर नगर परिषदेच्या हद्दीतील शाळेत नेले तरी परिणाम तोच होतो. आणि बोरिवलीला नेले तर जिल्हाच बदलतो. नवोदयाच्या जागा थोड्या आणि इच्छुक फार, हे खरे आहे, आणि त्या परीक्षेवर कोणी सारे भवितव्य टांगू नये. तरीही जिल्हाभरातील पालक ज्या शाळेची वाट पाहतात तिच्या दारातून उठून, तिचा हक्क सोडून, दर्जाच्या शोधात अन्यत्र जाणे हा उलटा हिशेब आहे, आणि तो करण्यापूर्वी हा नियम कोणी वाचलेलाही नसतो.

या ठिकाणी प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे समोर घेतले पाहिजे, कारण दुबळ्या युक्तिवादाला उत्तर देऊन प्रतिवाद पुरा होत नाही. वस्ती बदलल्याने मुलांचे आयुष्य सुधारते याला जगभरात आधार आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतील अतिगरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत राहण्यासाठी घरभाड्याची मदत सोडतीने देण्यात आली. राज चेट्टी, नॅथनिएल हेन्ड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे दिसले की जी मुले वयाच्या तेराव्या वर्षाच्या आत हलली त्यांचे मोठेपणीचे उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, परंतु तो माहीमला लावताना दोन अटी विसरता येत नाहीत. एक म्हणजे ती कुटुंबे गुन्हेगारी आणि दाट दारिद्र्य असलेल्या वस्त्यांतून बाहेर पडत होती. वाड्या, पानवेली आणि नारळ-पोफळीच्या बागांमध्ये, आजी-आजोबांच्या नजरेखाली वाढणारे मूल त्या प्रकारच्या वस्तीतून सुटत नसते. दुसरी अट अधिक बोचरी आहे: तेराव्या वर्षानंतर हललेल्या मुलांना त्या अभ्यासात लाभ झाला नाही, उलट थोडी हानीच झाल्याचे दिसले, कारण तुटलेल्या ओळखीपाळखीची भरपाई करण्याइतकी वर्षे त्यांच्या हातात उरली नव्हती. माहीममधून होणारे स्थलांतर मात्र पुष्कळदा आठवीत किंवा नववीत, म्हणजे नेमके त्याच वयात होते, कारण ‘आता दहावी जवळ आली’ ही जाणीव पालकांना तेव्हा होते. जो पुरावा स्थलांतराच्या बाजूने दिला जातो तोच या सवयीच्या विरुद्ध साक्ष देतो.

कायद्याची बाजूही पालकांना कोणी समजावून सांगत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ अन्वये कोणत्याही कारणाने गाव बदलणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा असे बंधन आहे, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पण हा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खाजगी शाळा आणि नवोदयसारख्या विशेष प्रवर्गातील शाळा त्यातून वगळल्या आहेत. शिवाय तो प्राथमिक शिक्षणापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. याचा अर्थ असा की माहीमचे कुटुंब ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेसाठी विरारला जाते, त्या शाळेत सप्टेंबर महिन्यात जाऊन उभे राहिल्यास कायदा त्याच्या मागे उभा राहत नाही. आणि नववीत हललेल्या मुलाला तर तो कोठेच आधार देत नाही.

दाखल्याची गोष्ट निघालीच आहे तर तो कागद जरा जवळून पाहण्यासारखा आहे. शाळा सोडल्याचा दाखला हा जनरल रजिस्टरमधील, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीतील नोंदींचा उतारा असतो: मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जात व पोटजात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. या किनाऱ्यावरील मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ, वारली, मल्हार कोळी अशा समाजांतील अनेक कुटुंबांना पुढे जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळी वडिलांच्या व आजोबांच्या शालेय नोंदी मुलाच्या नोंदीशी ताडून पाहिल्या जातात. शाळा बदलताना पोटजातीची एक वेलांटी बदलली, जन्मस्थळाच्या रकान्यात गावाऐवजी नव्या शहराचे नाव पडले किंवा आडनावाच्या जागी वाडीचे नाव गेले, तर त्याचा त्रास त्या दिवशी होत नाही. तो दहा वर्षांनी, व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या वेळी होतो, आणि तेव्हा जुन्या शाळेत हेलपाटे घालावे लागतात. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने गाव सोडण्याआधी या उताऱ्यातील प्रत्येक रकाना मूळ नोंदवहीशी पडताळून घ्यावा. नवे शहर निवडण्याच्या चर्चेत चौरस फुटांइतकीही जागा या गोष्टीला मिळत नाही.

आता ज्या शहराकडे बोट दाखवले जाते त्याच्याकडे पाहावे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. एवढ्या मोठ्या शहराच्या महापालिकेने स्थापनेनंतर दशकाहून अधिक काळ स्वतःच्या प्राथमिक शाळा चालवल्या नाहीत. तिच्या हद्दीतील सार्वजनिक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या, म्हणजे ज्या व्यवस्थेला कंटाळून माहीमचा पालक निघतो तीच व्यवस्था त्याला तेथे भेटते. उरते ती खाजगी शाळा, आणि तिच्या बाबतीत पहिला प्रश्न मान्यतेचा असतो. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही आणि चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही वसई तालुक्यातील अनधिकृत शाळांच्या याद्या प्रशासनाला वेळोवेळी प्रसिद्ध कराव्या लागल्या आहेत. चकाचक गणवेश आणि इंग्रजी नाव पाहून प्रवेश घेतलेल्या पालकाला शाळेच्या मान्यतेचा क्रमांक विचारण्याचे सुचत नाही, आणि शाळा बंद झाली की मूल पुन्हा एकदा हलते.

घराचेही तसेच आहे, आणि येथे शब्द जपून वापरण्याचे कारण नाही. २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखीव ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या, आणि त्यांत राहणारी सुमारे अडीच हजार कुटुंबे दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या असताना रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरारच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला, आणि ती इमारतही अनधिकृत होती. या कुटुंबांपैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून ती घरे घेतली होती. दोष त्यांचा नव्हे, ज्यांनी ती बांधू दिली त्यांचा आहे. पण ‘मुलांसाठी शहरात घर घ्या’ हा सल्ला देणाऱ्यांनी त्या घराचे बांधकाम परवाने आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, तपासायला कधी सांगितले होते काय? भाड्याच्या घराची अडचण आणखी वेगळी आहे: करार बहुधा अकरा महिन्यांचा, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होणारे, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास घेतलेले घर पुढच्या वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेतच सोडण्याची वेळ येते.

बोईसरचा पर्याय जवळचा म्हणून सुचवला जातो. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, त्याच सुमारास अणुऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या येथील शाळांचे नाव चांगले आहे. मात्र त्या शाळांत अणुऊर्जा विभागाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते, त्यामुळे केवळ बोईसरला राहायला गेल्याने तेथे जागा मिळत नाही. दुसरीकडे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात, म्हणजे हवा, पाणी आणि जमीन यांच्या दूषिततेचे एकत्रित मापन करणाऱ्या गुणांकनात, तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. रासायनिक सांडपाण्याने खाड्या आणि किनारा नासल्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली आणि न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये उद्योगांवर भरपाईची जबाबदारी टाकली. कारखान्यात नोकरी असलेल्या पालकाला तेथे राहणे भाग असते. परंतु ज्याचे काम तेथे नाही त्याने लहान मुलाच्या फुफ्फुसांचा विचार शाळेच्या जाहिरातीआधी करावा, हे सांगण्यास संकोच कशाला?

याच भागात सक्तीच्या स्थलांतराचाही अनुभव आहे. अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. मासेमारी आणि शेतीवर जगणाऱ्या लोकांना वसाहतीत घरे मिळाली, पण उपजीविकेच्या आणि सोयींच्या प्रश्नांसाठी त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. ज्यांना पर्याय नव्हता त्यांचा हा अनुभव, ज्यांना पर्याय आहे त्यांनी नजरेआड करू नये.

मग इतकी कुटुंबे जातात ती कशासाठी? खरे कारण पुष्कळदा रेल्वेच्या मार्गात आहे. चर्चगेट-डहाणू लोकल १६ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली, तरी विरारच्या पुढे दोनच रुळांवरून लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पण त्यानंतर कित्येक वर्षे प्रवाशांच्या वाट्याला जुनेच दोन मार्ग राहिले. अंधेरीला नोकरी करणाऱ्या माणसाला एखादी गाडी चुकली की तासाभराचा खोळंबा होतो. त्याला विरारला राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते कारण सन्मानाचे आहे. पण ते कमावत्याच्या प्रवासाचे कारण आहे. त्याला मुलाच्या शिक्षणाचे नाव दिले की हिशेब बिघडतो, कारण मग प्रवासातील वाचलेले दोन तास एका पारड्यात मांडले जातात आणि दुसऱ्या पारड्यात मुलाचा दिवस मांडलाच जात नाही. विरारला तो दिवस पुष्कळदा असा असतो: व्हॅनमधून शाळा, व्हॅनमधून परत, गळ्यातील किल्लीने उघडलेले कुलूप, शिकवणी, आणि आई-वडील घरी येईपर्यंत रात्रीचे आठ. माहीममध्ये तेच मूल शाळेतून चालत येते, वाटेवरच्या चार घरांना त्याचे नाव ठाऊक असते, आणि अंधार पडण्यापूर्वीचे दोन तास त्याचे स्वतःचे असतात.

अकरावीनंतरचे शिक्षण मुंबईतच मिळते, हा शेवटचा आधारही आता ढासळला आहे. पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत असल्यामुळे माहीमच्या आणि बोरिवलीच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ एकच आहे. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती २०२५-२६ पासून सर्व राज्याला लागू झाल्याने शहरातील महाविद्यालयासाठी अर्ज करण्याकरिता शहरात आधी राहायला जाण्याची गरज नाही. ज्याला जायचे आहे त्याने दहावीनंतर जावे. त्या वयाचे मूल स्वतःच्या निर्णयाने जाते, आणि तोवर त्याचा पाया एका भाषेत आणि एका जागी पक्का झालेला असतो. उपजीविकेसाठी ज्यांना आधीच हलावे लागते त्यांनी शक्य तर मूल तिसरीत जाण्यापूर्वी हलावे, माध्यम बदलू नये, आणि मुलाला चालत जाता येईल अशी मान्यताप्राप्त, शक्यतो अनुदानित शाळा आधी शोधून मग तिच्या आसपास घर पाहावे. विशेष गरजा असलेल्या मुलाला लागणारे उपचार आणि शिक्षक गावात नसतील तर मात्र कुटुंबाने अजिबात थांबू नये, आणि त्यांना कोणी गाव सोडल्याबद्दल बोल लावू नये.

या सगळ्याहून गंभीर परिणाम मागे राहणाऱ्यांवर होतो, आणि ‘हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न’ असे म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेने, म्हणजे पटसंख्येवरून दरवर्षी ठरणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीने ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने तिचे निकष बदलले आणि कमी पटाच्या वर्गांचे शिक्षक धोक्यात आले. त्याआधी २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले होते. सुशिक्षित, ऐपतदार घरातील सात-आठ मुले एका वर्षी निघून गेली की पट उतरतो, पट उतरला की शिक्षक जातो, आणि शिक्षक गेल्यावर त्या वर्गात उरतात ती पाड्यांवरची मुले, ज्यांच्या आई-वडिलांना विरारचे भाडे परवडणारे नसते. त्यानंतर पुढचे कुटुंब त्याच शाळेकडे बोट दाखवून म्हणते की येथे शिक्षणच नाही. शाळा खालावल्याचे हे एक ठळक कारण निघून जाणाऱ्यांनीच घडवलेले असते.

याच जिल्ह्यात याच्या नेमका विरुद्ध विचार झाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे मुले जेथे गुरे चारतात त्या कुरणावरच शिक्षण नेले. मूल उचलून शाळेच्या गावी नेण्यापेक्षा शाळा मुलाच्या गावी आणणे अधिक अवघड आहे, पण ते शक्य आहे, हे डहाणू तालुक्यातील त्या टेकडीवर सिद्ध झाले. आज त्यासाठी दोन व्रतस्थ स्त्रियांच्या आयुष्यभराच्या श्रमाची वाट पाहण्याची गरज नाही. कायद्यानेच साधन दिले आहे. कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. विनाअनुदानित शाळांना ही तरतूद लागू नाही, म्हणून शहरात शुल्क भरणारा पालक तेथे या समितीत बसूच शकत नाही. माहीमच्या पालकाला ती जागा आहे, आणि तिचा उपयोग रिक्त शिक्षकपदाचा पाठपुरावा करण्यापासून विज्ञान शाखेच्या तुकडीची मागणी करण्यापर्यंत होऊ शकतो.

आणि जे वर्ग माहीममध्ये नाहीत त्यांच्यासाठी पालघर आठ-नऊ किलोमीटरवर आहे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो आणि मुलग्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अडचण पैशांची नसून वेळेची आहे, कारण महाविद्यालयाच्या पहिल्या तासाला पोहोचवणारी आणि सायंकाळी प्रयोगवर्ग आटोपल्यावर परत आणणारी फेरी प्रवाशांच्या गर्दीवरून ठरते, विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावरून नव्हे. या दोन फेऱ्यांची मागणी ग्रामसभेने ठराव करून, पास काढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या यादीसह, एप्रिलमध्येच पालघर आगाराकडे द्यावी, म्हणजे जूनच्या वेळापत्रकात तिचा विचार करणे आगाराला भाग पडेल आणि उत्तर न आल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाण्याइतका अवधी पालकांच्या हाती राहील.